भिंतीतून जाणारी ऊब

थंडीत नाशिक जिल्ह्यात फिरायला येणारे लोक देवळं बघतात, घाट बघतात, द्राक्षांचे मळे बघतात. मी २००४ सालच्या जानेवारीत अठरा दिवस या जिल्ह्यात फिरलो आणि फक्त भिंती बघितल्या. बघितल्या म्हणण्यापेक्षा मोजल्या. घरातली ऊब बाहेरच्या भिंतींमधून किती निघून जाते, हे मोजता येतं. लग्न होईपर्यंत मला याची कल्पना नव्हती.

हे काम खरं तर माझ्या बायकोचं, वृंदाचं. नाशिकच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात ती इमारत बांधणी शिकवायची आणि मी त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. सहायकानं प्राध्यापिकेशी लग्न करावं याचं स्टाफरूममध्ये बरेच दिवस बोलणं झालं. मग लोक विसरले. त्या जानेवारीच्या सोळा महिने आधी वृंदा भिंतींवरच संशोधन करायला स्वीडनला गेली. तिकडे उणे विसात घर उबदार ठेवायचं असतं, त्यामुळे भिंत हा तिथं फार मोलाचा विषय आहे. आपल्याकडे पाहुण्याला आपण पंखा लावू का विचारतो. तिकडे म्हणे पाहुणा आल्या आल्या दार लावून घेतो, कारण आतली ऊब बाहेर जाते.

डिसेंबरात तिनं एक खोकं पाठवलं. त्यात तळहाताएवढी एक चपटी चकती होती, दोन तापमापकं होती, लांब तारा होत्या आणि साबणाच्या वडीएवढी एक डबी. चकती भिंतीला आतून चिकटवायची. एक तापमापक आत ठेवायचं, एक बाहेर. भिंतीतून जेवढी उष्णता जाईल तेवढी चकतीला कळते आणि डबी दर तासाला आपणहून नोंद करते. शेवटी भागाकार करून एक आकडा काढायचा. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. वृंदानं सूचनाही लिहून दिल्या होत्या. भिंत उत्तरेकडची हवी, तिच्यावर ऊन नको. चूल, खिडकी, दार यांपासून लांब. प्रत्येक ठिकाणी कमीत कमी तीन दिवस, कारण जाड भिंतीला तापायला आणि निवायलाच एक दिवस लागतो. शेवटची सूचना होती, ‘घरच्यांना त्रास देऊ नकोस. जेवायला वाढलं तर नाही म्हणू नकोस.’

निघायच्या आधीच्या रविवारी तिचा नेहमीचा, दुपारी एकचा दहा मिनिटांचा फोन आला. एरवी ती हवेपासून सुरुवात करायची. त्या दिवशी थेट म्हणाली, “इथले माझे सर म्हणालेत, घोटीकडच्या माती आणि तुसाच्या भिंती खरंच चांगल्या निघाल्या तर कामाचा दुसरा टप्पा मंजूर होईल. आणखी दोन वर्षं.”

“आणि नाही निघाल्या तर?”

“तर जूनमध्ये आवरून मी परत.”

“तुला काय वाटतं?” तिनं विचारलं.

“मोजल्यावर बघू,” मी म्हणालो.

येवला

येवल्यात पहिली भिंत विटांची. अंबादास पैठणी विणतो. त्याच्या घरात पुढच्या खोलीत माग आहे, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. मागाच्या पाठची भिंत नेमकी उत्तरेची. सकाळी साडेसहाला बाहेर आठ अंश होते आणि आत तेरा. अंबादास दोन्ही हात काखेत घालून बसला होता.

“शेगडी का नाही ठेवत?” मी विचारलं.

“रेशमाला धूर चालत नाही, साहेब. राखेचा एक कण उडाला तरी डाग. आणि बोटं गारठली की मोर वाकडा येतो. जानेवारीत विणलेला मोर मी ओळखतो, मान आखडून बसलेला असतो.”

त्याची बायको मंगल हसली. तीही त्याच फळीवर त्याच्या शेजारी बसलेली. डावीकडचा काठ तिचा, उजवीकडचा त्याचा. लहान लहान तिल्ल्यांवर गुंडाळलेलं रंगीत रेशीम दोघांच्या बोटांतून जात होतं. तासभर कुणी काही बोललं नाही. मग मंगलनं नुसतं “हं” म्हटलं आणि त्यानं हात थांबवला. त्याचा एक धागा चुकला होता. तिला तो मान न वळवता दिसला.

मी चकतीला व्हॅसलीन लावून ती भिंतीला चिकटवली. व्हॅसलीन कशाला, असं मंगलनं विचारलं. चकती आणि भिंत यांच्यामध्ये हवा राहिली तर आकडा चुकतो, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे घट्ट टेकून असलं तरच कळतं म्हणा.”

दुपारी बाजरीची भाकरी, कांद्याची पात आणि ठेचा. नाशिकला मी एकटा दोन पोळ्या करतो आणि उभ्यानं खातो. इथं तीन दिवस बसून जेवलो. शेवटच्या दिवशी अंबादासनं विचारलं, “वहिनी कधी येणार?”

“जूनमध्ये. किंवा मग दोन वर्षांनी.”

“दोन वर्षं?” त्यानं मंगलकडे पाहिलं. “आमची ही माहेरी आठ दिवस गेली तर माग बंद असतो. एका मागाला दोघं लागतात हो.”

विटेची भिंत वाईट निघाली. मागावर बसलेल्या दोघांच्या अंगातली ऊब ती सरळ गल्लीत सोडून देत होती. मी आकडा वहीत लिहिला आणि अंबादासला म्हणालो, भिंतीवर आतून जाड सतरंजी टांगा. त्याच संध्याकाळी त्यानं खिळे ठोकले.

त्र्यंबकेश्वर

त्र्यंबकला एका निवृत्त पोस्टमनच्या घरी उतरलो. सगळे त्यांना नाना म्हणतात. घर काळ्या दगडाचं, भिंती दोन हात जाड. वरच्या दोन खोल्यांत यात्रेकरू उतरतात. परगावचे लोक पहाटे अंघोळ करून ओल्या अंगानं कुडकुडत जिना चढत आणि नाना त्यांना खालून ओरडून सांगत, “भिंतीला टेकू नका, भिंत तुमच्यापेक्षा गार आहे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचं तापमापक गायब. तार कौलांवरून वर गेलेली आणि तिच्या टोकाला पन्हाळीवर बसलेलं एक माकड ते तापमापक दातांनी तपासत होतं. हे यंत्र इथं कुठं मिळणार? नाना शांतपणे आत गेले आणि पेरू घेऊन आले.

“पेरू दाखवायचा, द्यायचा नाही,” ते म्हणाले. “दिला की ते दोन्ही घेऊन जातं. ओट्यावर ठेवा आणि तुम्ही लांब व्हा.”

मी तसं केलं. माकड खाली आलं, पेरू घ्यायला हात मोकळा हवा म्हणून त्यानं तापमापक टाकलं. तारेवर दातांच्या खुणा होत्या, पण आत तांबं शाबूत होतं. चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा पहिल्या तासापासून मोजायला सुरुवात केली. एक दिवस वाया गेला.

तो दिवस रविवार होता. एक वाजता नाशिकच्या रिकाम्या घरात फोन वाजणार नाही, कारण मी बाहेर असणार हे वृंदाला माहीत होतं. तरी एक वाजता मी ओट्यावर बसून घड्याळाकडे पाहत राहिलो. नाना पेपर वाचत होते. म्हणाले, “कुणाची वाट बघताय का?” मी नाही म्हणालो. त्यांनी आयुष्यभर लोकांना पत्रं वाटली होती. ते नुसते “बरं” म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

दगडाची भिंत विटेपेक्षा थोडी बरी, पण फार नाही. जाड आहे म्हणून लोकांना ती उबदार वाटते. नाना म्हणाले ते बरोबर होतं.

घोटीच्या पुढे

घोटीचा बाजार तांदळाच्या वासानं भरलेला असतो. तिथून जीपनं अर्धा तास आत एक लहान गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, हिराबाईंना ते आवडणार नाही. हिराबाई साठीच्या. भातशेती करतात आणि एके काळी आसपासच्या गावांतल्या मातीच्या भिंती त्याच घालत. आता कुणी बोलावत नाही. सगळीकडे विटा आणि स्लॅब. वृंदानं विद्यार्थ्यांच्या सहलीत त्यांची भिंत एकदा पाहिली होती आणि तिच्या डोक्यात ती तेव्हापासून होती.

“तुमच्या बाईंनी भिंतीवर हात ठेवला आन् गालबी लावला,” हिराबाई म्हणाल्या. “म्हटलं, लय थकली वाटतं पोर.”

भिंत दीड हात जाड. लाल माती आणि तूस, म्हणजे भात कांडल्यावर निघणारी टरफलं. आठ दिवस पाण्यात कुजवायचं, पायांनी तुडवायचं आणि एका वेळी हातभरच उंच भिंत घालायची. ती वाळली की वर दुसरा हात. भिंतीवर अजून बोटांचे ठसे होते.

“दोघांनी घातली का?” मी विचारलं.

“नाय. घरधनी तवा घाटात बोगद्याच्या कामावर होते. पाच महिने आले नाय. येईन म्हटले व्हते दिवाळीला. मी म्हटलं, नुसती वाट बघत बसले तर पावसाळा तोंडावर यील. घातली एकटीनं. ते आले तवा छप्पर चढलं व्हतं.”

“काय म्हणाले?”

“म्हटले, दार कुठाय?” हिराबाई खळखळून हसल्या. “घाईत दार लय बारीक ठेवलं व्हतं. अजून समदे वाकून येत्यात.”

मीही वाकून आत गेलो होतो आणि कपाळ आपटलं होतं.

त्यांचा मुलगा शांताराम इगतपुरीला एका कारखान्यात कामाला. रोज संध्याकाळी मोटरसायकलवर येतो. होळी झाली की ही भिंत पाडायची, असं त्यानं ठरवलेलं होतं. विटा येऊन पडल्या होत्या. म्हणजे ही भिंत मोजायची ती याच थंडीत.

चकती लावली. पहिल्याच सकाळी बाहेर सात अंश होते, आत सतरा. रात्री चूल विझल्यावर आत दुसरं काही पेटलेलं नव्हतं. मी दोनदा तापमापक पुसून पाहिलं. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी पुढ्यात आली. खाता खाता मी वहीत भागाकार केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. येवल्याच्या विटेपेक्षा ही भिंत निम्म्याहूनही कमी ऊब बाहेर सोडत होती. वृंदाचं बरोबर होतं. तिनं गाल लावून जे ओळखलं होतं तेच चकती सांगत होती.

मला आनंद झाला आणि लगेच वृंदाचं फोनवरचं बोलणं आठवलं. आणखी दोन वर्षं. दोन वर्षांचे सगळे रविवार, एक वाजता, दहा मिनिटं.

त्या संध्याकाळी हिराबाई भाताच्या खळ्याकडे गेल्या होत्या. मी चकती काढली आणि तीन हात पलीकडे, कोनाड्याच्या पाठीला येईल अशी लावली. देव ठेवायचा कोनाडा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, ओटीवर होता. तिथं भिंत पोखरलेली आणि पातळ होती. मी कुठलाही आकडा बदलत नव्हतो. फक्त चकती हलवत होतो. स्वीडनमध्ये बसून कुणाला कोनाडा दिसणार होता? मीच स्वतःला सांगितलं की दोन जागी मोजलेलं बरं. पण पहिल्या दोन दिवसांचं पान मी वहीतून फाडून खिशात घातलं होतं.

सकाळी आकडा वाईट आला. जसा यायला हवा होता तसा. मी तो लिहीत असताना हिराबाई सडा टाकून आत आल्या. भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या.

“दादा, यंत्र सरकवलं का?”

“हो. उगाच, बघत होतो.”

“तिथं मागं कोनाडा हाय. भिंत वीतभरच उरलीया. तिथं गारवा येणारच.” त्यांना वाटलं, मला माहीत नाही. “तुमच्या बाईंना ठावं हाय का, की तिथं कोनाडा हाय?”

“नाही,” मी म्हणालो. “तिला फक्त आकडा कळणार.”

त्यांनी भिंतीवर हात फिरवला. मग म्हणाल्या, “होळीनंतर ही ऱ्हाणार नाय. पुन्हा कुणी मोजायला येणार नाय. भिंत मोजायची तर भिंत मोजा ना. कोनाडा कशापायी मोजता?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त लाजिरवाणं वाटलं. खिशातलं पान काढलं, पण घामानं आणि चुरगळून शाई पसरली होती. अर्धे आकडे वाचताच येईनात. डबीतल्या नोंदी मी स्वतःच पुसून टाकल्या होत्या. मी चकती मूळ जागी लावली. घोटीला जाऊन टेलिफोन बूथवरून कॉलेजात रजा वाढवून मागितली आणि परत येऊन पुन्हा तीन दिवस राहिलो.

त्या तीन दिवसांत मी हिराबाईंबरोबर तूस भरलं, गोठ्यात शेण काढलं आणि एकदा त्यांच्या सांगण्यावरून माती तुडवली. ती कशी तुडवायची ते त्यांना मला दाखवायचं होतं. माती पायाला इतकी गार लागली की मी ओरडलो. “बाईंना सांगा,” त्या म्हणाल्या, “तूस नवं घ्यायचं नाय. एक पावसाळा जुनं पायजे. लिवून घ्या.” मी लिहून घेतलं.

आकडा आधीसारखाच आला. रविवारी शांताराम घरी होता. मी त्याला वही दाखवली, येवल्याची वीट आणि आईची भिंत शेजारी शेजारी. त्यानं नीट वाचलं. तो काही अडाणी नव्हता, कारखान्यात रोज मोजमापाचंच काम करत होता.

“आकडा लय चांगला हाय, सर,” तो म्हणाला. “पण माझ्या पोरीला बघायला पाव्हणे येत्यात. ते भिंत बघत्यात. आकडा कोण बघतंय?”

हिराबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं. भाकरी उलटून त्या म्हणाल्या, “पास झाली ना पन?”

“पहिल्या नंबरानं, मावशी.”

“मंग झालं.”

निघताना त्यांनी मला नव्या तांदळाची पिशवी दिली. तांदूळ वृंदासाठी होता. तो तिकडे पोचणार नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. दारातून बाहेर पडताना मी या वेळी नीट वाकलो.

परत नाशिकला

घरी आल्यावर पहिल्यांदा जाणवली ती माझ्याच घराची गार भिंत. मी नव्या तांदळाचा भात टाकला, एकट्यापुरता, तरी जास्त झाला. संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन सगळे आकडे वृंदाला पाठवले. अंबादासचे, नानांचे, हिराबाईंचे. तुसाबद्दलचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. बटण दाबायला मला बराच वेळ लागला. शेजारच्या माणसानं विचारलं, “नेट बंद पडलं का?”

पुढच्या रविवारी एक वाजता फोन आला.

“सरांनी वाचलं,” ती म्हणाली. “मंजूर झालंय. दोन वर्षं.”

“अभिनंदन,” मी म्हणालो, आणि ते मनापासून होतं. हिराबाईंची भिंत होळीनंतर जाणार, पण ती कशी घालायची हे आता निदान कुठेतरी शिकलं जाणार होतं.

पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. लाइन गेली की काय म्हणून मी हॅलो म्हटलं.

“आहे मी,” ती म्हणाली. “एक सांगू? तुझी मेल आल्यावर मी ती दिवसभर उघडलीच नाही. भिंत चांगली निघावी म्हणून मी इतकी वर्षं धडपडले. आणि त्या दिवशी मनात येत होतं, एखादा आकडा यानं चुकवला असेल तर किती बरं.”

मी खुर्चीत बसलो. मग तिला सगळं सांगितलं. चकती सरकवली ते, पान फाडलं ते, हिराबाई काय म्हणाल्या ते.

“कोनाड्याच्या मागं?” ती म्हणाली.

“हो.”

“किती वेळ?”

“एक रात्र.”

पलीकडे ती रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही.

“एक रात्र तरी लावलीस,” ती म्हणाली.